बॅकग्राउंडमधल्या बायका

१

क्लॅरिसला इअरबड्स घ्यायचे होते आणि एकाच जोडीत तिला सगळं हवं होतं. दिवसभर घातले तरी कान दुखू नयेत. संध्याकाळी चालताना घामाने बिघडू नयेत, निसटून पडू नयेत. आणि मुख्य म्हणजे फोनवर तिचा आवाज समोरच्याला स्वच्छ जावा, बाकीचं काही म्हणजे काही जाऊ नये.

‘एवढं सगळं तर नवऱ्यात पण मिळत नाही, मॅडम,’ चकाल्याच्या नाक्यावरचा मोबाइलवाला सुयोग म्हणाला.

‘म्हणून तर केला नाही,’ ती म्हणाली, आणि त्याने हसत हसत काचेवर सहा डब्या मांडल्या.

ती एका आरोग्य विम्याच्या हेल्पलाइनवर काम करायची, तेही घरातून. घर म्हणजे गावठाणातल्या फिलोमेना हाइट्सचा पहिला मजला. जुन्या बैठ्या घराच्या जागेवर बिल्डरने ही सात मजली इमारत उभी केली होती, आणि त्या बदल्यात क्लॅरिसच्या कुटुंबाला दोन खोल्या आणि पार्किंगमधला नऊ नंबरचा स्लॉट मिळाला होता. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. एका खोलीत तिचे डॅडी पडून असायचे. चार वर्षांपूर्वी डॅडींना, फ्रेडींना, झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवलेला माणूस आता पाणी मागायचं तर डाव्या हाताने पलंगाची दांडी वाजवायचा. त्यांचं ट्रम्पेट समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

पहिली जोडी तिने घरी आणली, कानात घातली आणि बाहेरचे आवाज बंद करायला उजवा बड दाबून धरला. वरून जाणारं विमान एकदम पुसलं गेलं. शेजारचा मिक्सर गेला, मेट्रो गेली, पंखा नुसता फिरताना दिसत राहिला. एवढी शांतता तिने आयुष्यात कधी ऐकली नव्हती, आणि या वस्तीत ती मिळू शकते हे तर तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती खुर्चीत बसूनच राहिली. डोळ्यांत पाणी कशाला आलं ते तिलाच कळेना.

मग त्या शांततेत एक बारीकसा आवाज उरला. करकर, थांबून पुन्हा करकर, कोणीतरी दोराला वजन लावून वर ओढत असल्यासारखा. लिफ्टला तेल घालायला सांगितलं पाहिजे, असं तिने मनाशी म्हटलं आणि कामाला लागली.

२

दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. हॉस्पिटलच्या बिलाचं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘बरं का ताई, लग्नघरात बसून काम करताय, कमाल आहे तुमची.’

‘लग्नघर?’

‘मागे बायकांचा केवढा गलबला चाललाय! भांडी वाजतायत, हसणं काय, खिदळणं काय. कोणाचं लग्न?’

क्लॅरिसने वळून पाहिलं. मागे बंद कपाट होतं. लाइन कुठेतरी मिसळली असेल, असं काहीबाही सांगून तिने फोन ठेवला. त्या आठवड्यात असे अकरा फोन झाले. कोणी म्हणालं हळद आहे का, कोणी म्हणालं बारसं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, ‘चालू दे बेटा, बरं वाटलं.’

शुक्रवारी तिची सुपरवायझर प्रियंका हिचा फोन आला. ‘क्लॅरिस यार, काय चाललंय? क्वालिटीवाल्यांनी तुझे अकरा कॉल लाल केलेत. बॅकग्राउंडला क्राउड. तू बाजारात बसून कॉल घेतेस का गं?’

‘नाही गं. घरात डॅडी आणि मी, बस.’

‘हे बघ, पहिली वॉर्निंग मी सांभाळून घेतली. अजून दोन झाल्या ना, तर वर्क फ्रॉम होम कट. ऐरोलीला यावं लागेल रोज.’

ऐरोलीला रोज म्हणजे जाऊन-येऊन धरले तर बारा तास घराबाहेर. बारा तास डॅडींना कोण बघणार? कॅनडातल्या तिच्या भावाने, क्रिसने, त्याचं उत्तर केव्हाच काढून ठेवलं होतं. वसईच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म त्याने भरून पाठवला होता, फक्त क्लॅरिसची सही बाकी होती. तो फॉर्म तिने फ्रिजवर, ब्रेडच्या डब्याखाली दडपून ठेवला होता. तिला डॅडी घरात हवे होते. बाकी जगाने काय वाटेल ते करावं.

३

‘माइक खराब आहे,’ तिने डबी सुयोगपुढे आपटली.

सुयोगने तिथेच रेकॉर्ड करून ऐकवलं. रस्त्यावर रिक्षा, बस, समोर वेल्डिंग, आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्याचा आवाज, धुतल्यासारखा. ‘मॅडम, माइक झकास आहे. पण तुम्ही म्हणता तर बदलून देतो. हे घ्या, कानामागे अडकतात. पळा, उड्या मारा, पडणार नाहीत.’

दुसरी जोडी खरोखर पडली नाही. बागबिग तिच्या नशिबात नव्हती, म्हणून ती पार्किंगमध्येच संध्याकाळी चाळीस फेऱ्या मारायची. डॉक्टरने पाठीसाठी सांगितलं होतं. पहिल्या फेरीत तिने शांतता चालू केली. स्लॉट एक, दोन, तीन, नुसती तिची पावलं. सातला कुजबुज आली. आठला कुजबुजीचे शब्द होतील की काय असं झालं. नऊवर ती थांबली, कारण आता ती घोळक्याच्या मधोमध उभी होती. बांगड्या, लुगड्यांची सळसळ, कळशीला कळशी लागल्याचा ठण्ण आवाज. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं. आवाज कानात नव्हता. तळपायांतून वर येत होता.

तिने बड काढले. मेट्रो, विमान, कुत्रं. घातले. बायका. काढले. घातले. असं तिने सात-आठ वेळा केलं असेल. टीव्ही, शेजारचा ब्लूटूथ स्पीकर, विमानतळाचा रेडिओ, जेवढी म्हणून कारणं सुचली ती तिने एकेक करून नऊ नंबरवर उभी राहून तपासली. त्यातलं एकही टिकलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला पळून जावंसं वाटत होतं त्याहून जास्त तिथेच उभं राहावंसं वाटत होतं.

नऊ नंबरच्या मधोमध एक चौकोनी लोखंडी झाकण होतं. खाली जुनी विहीर. बिल्डरने तिच्यावर स्लॅब टाकला होता आणि संडासाच्या टाक्यांसाठी पंप बसवला होता. तो पंप बघणारे राजारामकाका स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

‘काका, पंप चालू आहे का आत्ता?’

‘नाही. मी पहाटे लावतो आणि आठला बंद करतो.’

‘दिवसभर का नाही?’

काकांनी पेपरची घडी घातली. ‘मॅडम, मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे. भूत-बित मी मानत नाही, कोणी सांगितलं तर त्याला चार शब्द सुनावतो.’ ते झाकणाकडे बघत नव्हते. ‘पण दिवसा मी पंप लावत नाही. तिथे बायका असतात. त्यांच्या अंगावर मोटर लावायची म्हणजे बरं दिसतं का?’

४

दुसरी वॉर्निंग आली तेव्हा प्रियंकाने रेकॉर्डिंगच पाठवलं. ‘तूच ऐक आणि तूच सांग काय लिहू,’ असा खाली मेसेज.

क्लॅरिसने डॅडींच्या पलंगाशी बसून ते लावलं. तिचाच आवाज पॉलिसी नंबर विचारत होता. त्याच्या मागे तो गलबला. मग ती नंबर टाइप करायला थांबली तेवढ्या जागेत एक बाई अगदी माइकशी आल्यासारखी बोलली.

‘क्लॅरी आली का गो?’

आणि दुसरी, म्हातारी, अजिबात घाई नसलेली, म्हणाली, ‘येईल, येईल. पोर हाय. येईल.’

पहिला आवाज क्लॅरिसने ओळखला होता. त्या आवाजाने तिला शाळेसाठी उठवलं होतं, जेवायला बोलावलं होतं, केस विंचरताना झापलं होतं. पण तो कोणाचा, हे मनातल्या मनातसुद्धा म्हणायला ती धजावेना.

डॅडी तिच्याकडे बघत होते. काय वाटलं कोण जाणे, तिने एक बड काढून त्यांच्या डाव्या कानात बसवला आणि शांतता चालू केली. डॅडींच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडल्या. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग चार वर्षं निपचित पडलेल्या त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं चादरीवर हलली. एक, तीन, एक-दोन. ट्रम्पेटची तीन बटणं दाबावीत तशी.

‘डॅडी?’ ती म्हणाली. बोटं थांबली नाहीत. तिने त्यांना एवढ्या आनंदात अलीकडे कधीच पाहिलं नव्हतं, आणि म्हणून तिलाही आनंद व्हायला हवा होता. पण तिला भीतीच वाटली, आणि तिने घाईघाईने बड काढून घेतला.

५

डॅडींची मोठी बहीण, सेलिना आँटी, मागच्याच गल्लीत राहायची. वय अठ्ठ्याहत्तर आणि जीभ अजून तिखट. क्लॅरिस गेली तेव्हा ती वर्षभराचा बॉटल मसाला बरण्यांत दाबून भरत होती.

‘आँटी, क्रिसच्या लग्नात विहिरीचं पाणी आणलं होतं ना आपण? त्याचं सगळं सांग.’

‘आता काय सांगू? तू होतीस की.’ आँटीने तरी सांगितलं, कारण सांगायला तिला आवडायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी बाजा पुढे लावून बायका बावीवर जातात. बाव म्हणजे विहीर. सगळीकडे पाणी काढतात, नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात, संपलं. पण या घराची आणखी एक रीत होती. पाणी काढण्याआधी घरातल्या गेलेल्या बायकांना नावानं हाक मारायची, लग्नाला या म्हणून. ‘कातरीन, नातलीन, इजाबेल, माझी आई फिलोमेना. क्रिसच्या वेळी शेवटचं नाव तुझ्या मम्मीचं, व्हॅलेन्सियाचं, घेतलं. तिला जाऊन तेव्हा वर्षच झालेलं. मीच मारली हाक. मग लग्न झालं की सोमवारी उरलेलं कळशीभर पाणी बावीत परत द्यायचं, आणि सांगायचं, पाणी पोचलं, घरला जा. ते काम घरातल्या पोरीचं. तूच दिलंस ना?’

एकवीस वर्षांची होती क्लॅरिस तेव्हा. सोमवारी कळशी घेऊन गेली तर विहिरीवर सळ्या बांधून झाल्या होत्या आणि सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. मुकादम म्हणाला, ‘ओ ताई, बाजूला व्हा.’ मैत्रिणी सिनेमासाठी स्टेशनवर खोळंबल्या होत्या. तिने पाणी घरी आणून मोरीत ओतलं, कळशी उपडी घातली आणि कोणी विचारलं नाही म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

‘मोरीत ओतलं, आँटी.’

आँटीचा मसाल्याचा हात थांबला. चौदा वर्षं तिने मनाशी मोजली असावीत.

‘आई गं,’ ती हळूच म्हणाली. ‘पाहुण्यांना निरोप दिल्याबिगर पाहुणे उठतील कसे गो? बसल्यात बिचाऱ्या.’

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. क्लॅरिसला रडू फुटलं. मम्मी चौदा वर्षं तिच्या पायाखाली बसून होती आणि ती वरून चाळीस-चाळीस फेऱ्या मारत होती. आँटीने तिला रडू दिलं आणि मग पदराने हात पुसले.

‘उद्या देऊन टाक. मी फ्रेडीजवळ बसते. पण एक हाय. बाजा लागतो. बाजा पुढे झाल्याशिवाय त्या पाऊल उचलत नाहीत, आल्या पण तशाच होत्या. आणि बँडमध्ये आता उरलाय कोण? सगळे गेले. तुझा बाप तेवढा एकटा.’

‘मी फोनवर लावेन. एखादा व्हिडिओ.’

आँटीने एका बरणीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘लाव,’ ती शेवटी म्हणाली.

६

शनिवारी दुपारी साडेतीनला तिचा तपासणीचा कॉल होता. क्वालिटीवाले स्वतः ऐकणार होते. सुयोगने तिसरी जोडी हातात ठेवली होती. ‘याच्यापुढे काही नाही, मॅडम. यात पण आवाज आला तर मग मशीनचा दोष नाही, एवढं लिहून देतो.’

तीन वाजता तिने डॅडींचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सोडेनात. नेहमीचं पाण्याचं असेल म्हणून तिने चमच्याने पाणी पाजलं. ते प्याले, पण हात तसाच. ‘आलेच, डॅडी, दहा मिनिटांत,’ ती म्हणाली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. कोपऱ्यात बसलेली आँटी जपमाळ काढत होती.

राजारामकाकांनी काही न विचारता झाकणाचं कुलूप काढलं आणि गेटकडे जाऊन पाठ करून उभे राहिले. क्लॅरिसने तीच तांब्याची कळशी आणली होती, पाण्याने भरून, दोराला बांधून. तिने इअरबड्स कानात घातले, नीट बसवले, आणि शांतता चालू केली.

कुजबुज नव्हती. गलबला नव्हता. सगळ्या जणी गप्प झाल्या होत्या, आणि त्या गप्प राहण्यात केवढी माणसं होती! चर्चमध्ये सगळे गुडघ्यांवर आले की होते तसली ती शांतता होती. तिने कळशी खाली सोडली. एक हात, दोन हात, तीन हात दोर. पाणी लागायला हवं होतं त्याच्या आधीच दोर सैल पडला. खालून कोणीतरी वजन घेतलं होतं.

तिने वाकून पाहिलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

वरून पडलेल्या उजेडाच्या चौकोनात हात होते. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेले हात. ते कळशी एकमेकींच्या हातांत देत खाली नेत होते, थेंब न सांडता. त्या हातांखाली आणखी हात, त्यांच्याखाली आणखी. विहीर तीस फूट होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते हात तीस फुटांवर संपत नव्हते. ज्यांची नावं आँटीलाही ठाऊक नसतील, ज्यांची नावं घेणारं कोणी उरलं नसेल, अशांचे हात खाली खाली उतरत गेले होते, आणि प्रत्येक हात कळशीला जपून धरत होता. भीती कुठल्या कुठे गेली. आपण यांच्यातल्याच एक आहोत, एवढंच तिला वाटलं, आणि ते एवढं मोठं होतं की तिला ते पेलवेना.

अगदी वरच्या हातांपैकी एकाच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, पुरुषी पट्ट्याचं घड्याळ होतं. मम्मी डॅडींचं जुनं घड्याळ घालायची. त्या हाताने जाणाऱ्या दोराला दोनदा थोपटलं.

‘पाणी पोचलं,’ क्लॅरिस कशीबशी म्हणाली. ‘घरला जा. मम्मी, चुकले गं मी. घरला जा.’

कोणी हललं नाही. हात थांबून राहिले. तेव्हा तिला बाजा आठवला. तिने खिशातून फोन काढला, व्हिडिओ आधीच शोधून ठेवला होता, आणि अंगठा काचेवर टेकवायच्या आतच ट्रम्पेट वाजलं.

ते खालून वाजलं. मिरवणुकीचीच जुनी चाल. पहिला सूर, दुसरा, आणि तिसऱ्यावर वाजवणारा क्षणभर अडखळला, श्वास चोरून पुन्हा उचलला. चाळीस वर्षं विड्या ओढलेल्या एकाच माणसाचं ट्रम्पेट तिसऱ्या सुरावर असं अडखळायचं. सगळं गावठाण त्यावरून त्याची थट्टा करायचं.

खाली हास्याची एक लाट उठली. ‘आला गो, आला!’ लुगडी सळसळली, पावलं उचलली गेली. सगळ्यांच्या पुढे तो बाजा, जोमदार, न थकणारा, लांब जात होता.

तिने बड काढून वर धावायला हवं होतं. ते तिला पुरतं कळत होतं. पण बड काढले असते तर तो आवाज थांबला असता, आणि डॅडी इतकं सुंदर वाजवत होते.

७

बाजा विरत विरत गेला. मग काही नाही. तिने हिसका दिला तर दोर मोकळाच वर आला, कळशीशिवाय. खाली एका विहिरीचं साधं काळं पाणी होतं.

कानात रिंग वाजली. इअरबड्समधल्या यंत्राच्या बाईने सरळ आवाजात नाव सांगितलं, ‘सेलिना आँटी.’

क्लॅरिसने बडवर बोट टेकवलं.

‘क्लॅरी,’ आँटी म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता, माळेचे मणी ऐकू येत होते, पलंगाशेजारच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आवाज अगदी स्वच्छ होता. मागे कोणीही नव्हतं.